सातशे लिटर आणि माझे गुडघे

माझ्या आयुष्यातला एकमेव गुन्हा मी गुडघ्यांसाठी केला.

हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना तुमचा माझ्याविषयी गैरसमज व्हायला नको. मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या सरकारी शाळेत छत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलं नाही. शाळेच्या नशामुक्ती समितीचा मी अध्यक्ष होतो, आणि आमच्या घराच्या कंपाउंडच्या भिंतीवरची नशामुक्तीची घोषणा मी स्वतः शिडीवर चढून लाल रंगात लिहिलेली आहे. (गुडघ्यांची पहिली कुरकुर त्या शिडीवरचीच.)

निवृत्तीला दोन महिने उरले असताना पुण्याच्या मुलाने माझ्या गुडघ्यांसाठी एक टब पाठवला. हवा भरून फुगवायचा, सातशे लिटर पाणी मावणारा, कडेला हीटर आणि मोटर. बटण दाबलं की गरम पाणी बुडबुडायला लागतं आणि आपण आत बसून शेक घ्यायचा. मागच्या पडवीत मी तो फुगवला, तेव्हा माझी बायको शोभा कमरेवर हात ठेवून बघत उभी होती.

"म्हशी किती बांधाच्या?" तिने विचारलं.

टबाबरोबर एक पुस्तिका होती. पाणी वेळेवर बदला, क्लोरीनची गोळी टाका, गाळणी धुवा, असं बरंच काही तीत होतं. मी ती चाळून कपाटावर ठेवली. पाण्याविषयी रसायनशास्त्राच्या माणसाला कोणी काय शिकवायचं? शिवाय एवढं तापवलेलं पाणी ओतून देणं माझ्या जिवावर यायचं. आमच्या घरात भाताची पेजसुद्धा कोणी मोरीत ओतत नाही.

तिसऱ्या आठवड्यात शोभा म्हणाली, "अवो, तुमच्या त्या टाक्यातून ओल्या गोधडीवानी वास येऊन राह्यला."

"तुले भास होते."

"मले होते, हौ. पन शेजारच्या काकू बी विचारत होत्या, मोरीत उंदीर मेला का म्हनून. त्याहिले बी भासच झाला असन."

मग मी कामाला लागलो. एका गोळीच्या जागी तीन गोळ्या टाकल्या. गोधडीचा वास गेला आणि घराला सरकारी दवाखान्याचा वास लागला. शोभा डोळे पुसत म्हणाली, "हे बंद करा, नाही तं मी लांजीले चालली." लांजी हे तिचं माहेर. मी गोळ्या बंद केल्या. कापूर टाकला, तर गोधडीला कापूर लावल्यासारखा वास आला. कडुनिंबाचा पाला टाकला, तो मोटरीत अडकला. त्या आठवड्यात मी टबात कमी आणि टबाजवळ उकिडवा जास्त बसलो, त्यामुळे गुडघे आणखीच दुखायला लागले.

अशा वेळी शोभाचा भाऊ नामदेव लांजीहून मोटारसायकलवर आला. त्याने मोहाच्या वाळलेल्या फुलांची अर्धी गोणी आणली होती. टबाची हकीकत ऐकून तो हसला.

"भाऊजी, तुमी बी कुठं गोळ्या टाकत बसले. आमच्याकडं म्हातारे लोक मोहाच्या फुलाच्या पान्यानं शेकतात. गुडघे मोकळे होतात अन वास बी गोड. एका बादलीले दोन मुठी टाकाच्या, अन शेकून झालं का पानी फेकून द्याचं."

यातलं शेवटचं वाक्य तो बोलला असं शोभा म्हणते. मला मुठींपर्यंतचंच ऐकू आलं, कारण मी तोवर हिशोब करायला कागद घेतला होता. पंधरा लिटरला दोन मुठी, तर सातशे लिटरला चौऱ्याण्णव मुठी. त्यात बादलीतून एका वेळी एकच गुडघा शेकला जातो आणि माझे दोन दुखत होते, म्हणून दुप्पट. एवढी फुलं पाण्यात सुटी सोडली तर मोटर बिघडणार, म्हणून मी माझा जुना पायजमा घेतला, दोन्ही पायांच्या टोकांना गाठी मारल्या, त्यात फुलं ठासली, वर नाडी आवळली आणि पायजमा टबात सोडला.

पहिल्या संध्याकाळी इतका छान गोड वास आला की शोभासुद्धा पडवीत येऊन बसली. "आता कसं घरावानी वाटते," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत माझ्या रसायनशास्त्राची तिने केलेली ही पहिली स्तुती. दुसऱ्या दिवशी आम्ही पुतण्याच्या लग्नासाठी गोंदियाला गेलो. पाणी पुन्हा तापवायला अख्खा दिवस लागतो, म्हणून हीटर मंद ठेवला आणि टबावर झाकण घट्ट बसवलं.

परतलो ते सहाव्या दिवशी, दुपारी. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी आली आणि शोभाने पदर नाकाला लावला. आंबूस, गोडसर, डोक्यात जाणारा वास होता. रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "सर, इधर कोई भट्ठी खुल गई क्या?" मी त्याला भिंतीवरची घोषणा दाखवली. ती भिंत नेमकी आमचीच होती.

घरात वीज नव्हती. आम्ही पडवीत गेलो आणि जागच्या जागी थिजलो. टबाचं झाकण मधून फुगून वर आलं होतं. मोटर बंद होती, हीटर बंद होता, पण आतून बुडबुड बुडबुड आवाज येत होता. साप असेल असं आधी वाटलं, मग वाटलं साप बुडबुडत नाही. काठीच्या टोकाने मी झाकण उचललं. आत करड्या फेसाची जाड साय होती, आणि त्या फेसात माझा पायजमा पाय फाकवून, पोट फुगवून तरंगत होता. मी किंचाळलो. (शोभा म्हणते, रडलो.)

शोभाने मात्र एकदाच हुंगलं. लांजीची पोर ती.

"अवो," ती हळूच म्हणाली, "तुमी तं लाहन घातलं."

लाहन म्हणजे दारू गाळण्याआधी आंबवलेला मोह. बालाघाटला राहणाऱ्या कोणालाही हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, कारण आबकारीवाल्यांनी कुठे किती लाहन पकडून नष्ट केलं ते रोजच्या पेपरात येतं. बरोबर फोटो असतो. मध्ये आरोपी, समोर ड्रम, मागे साहेब लोक. त्या फोटोत मी स्वतःला पाहिलं. ड्रमच्या जागी निळा टब होता आणि एका शिपायाच्या हातात पुरावा म्हणून माझा पायजमा होता.

खरं सांगतो, इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. कारण येत्या रविवारी माझा निरोप समारंभ होता. छत्तीस वर्षांत सर्व्हिस बुकात एक लाल शाईचा ठिपका नाही, ‘व्यसन आणि विद्यार्थी’ हे माझं भाषण पाठ झालेलं, आणि प्रमुख पाहुणे म्हणून मी स्वतः जाऊन ज्यांना बोलावलं होतं, ते वानखेडे साहेब आबकारी खात्याचे इन्स्पेक्टर होते. महिन्यापूर्वी ते आमच्या समोरच्या घरात राहायला आले होते. आमच्या पडवीतून निघणारी नाली त्यांच्या फाटकासमोरून जाते.

"नालीत सोडू का?" मी विचारलं.

"सोडा. अन सायबाले सांगून या, का ग्लास घेऊन उभे राहा."

"मंग मागं खड्डा खंदू."

"ह्या गुडघ्यानं? सातशे लिटर?"

मी नामदेवला फोन लावला. सगळं ऐकल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला, "फेस वर आला का, भाऊजी?"

"हौ, बापा, वर आला. आता काय करू?"

"काई नोका करू. बरोबर टाईम हाय. मी डबे घेऊन येऊ का?"

मी फोन ठेवला. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या काकूंनी विचारलं, "सर, कुछ सड़ गया क्या आपके यहाँ?" मी घाईघाईने सांगितलं, फणस. अध्यक्षाने उच्चारलेलं ते पहिलं खोटं. त्या म्हणाल्या, "अरे वा, कटहल? हमको भी देना." तेव्हा मला फणस आणायला भाजीबाजारात जावं लागलं, आणि वाटेत दिसलेल्या प्रत्येक जीपला मी नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचा कप हातात घेऊन खिडकीशी उभा होतो. समोरचं फाटक वाजलं. वानखेडे साहेब पूर्ण गणवेशात बाहेर आले. जीपकडे न जाता त्यांनी रस्ता ओलांडला आणि आमच्या दाराशी आले. मी कप शोभाच्या हातात कोंबला आणि दार उघडलं.

"डोंगरे सर," साहेब आत येऊन म्हणाले, "तुमच्या त्या टबाबद्दल जरा विचाराचं होतं."

झालं. माझा धीर तिथेच सुटला.

"साहेब, मी काही लपवत नाही," मी हात जोडले. "पडवीत आहे. सातशे लिटर. फुलं माझ्या मेव्हण्याने आणली, पण आंबवलं मीच. बायको निर्दोष आहे. पायजमा माझा आहे. एकच विनंती, फोटो रविवारनंतर काढा."

साहेब खुर्ची ओढून बसले.

"सर, माझ्या आईचे गुडघे दुखतात," ते सावकाश म्हणाले. "टब कुठून आनला, एवढंच विचाराले आलतो."

शोभाने कपाळाला हात लावला. मी चाचरत म्हणालो, "पण साहेब, वास? सगळ्या गल्लीला येऊन राह्यला. तुमाले नाही आला?"

साहेबांनी उठून दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "सर, तुमी खरं सांगतलं तं मी बी सांगतो. दोन वर्षं झाले, एका तापानंतर माह्या नाकाचा वास गेला तो गेलाच. खात्यात कोनाले माहीत नाही. कारवाईले मी सगळ्याच्या पुढं चालतो. मागचा शिपाई खोकलला का समजतो, इथंच हाय. मेहरबानी करा, बोलू नका कुठं."

आता दोघेही घाबरलेले, त्यामुळे मला जरा बरं वाटलं. पण साहेब पुढे म्हणाले, "पन तुमी आता सांगतलं तं मले पाहावं लागन." माझं बरं वाटणं तिथेच संपलं.

ते पडवीत गेले. झाकण बाजूला केलं, काठीने फेस हलवला, दोन बोटं पाण्यात बुडवून अंगठ्यावर घासली. पायजमा उचलून वजनाचा अंदाज घेतला. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि मनातल्या मनात निरोपाचं भाषण रद्द करत होतो. शेवटी साहेबांनी रुमालाला हात पुसले.

"याच्यावर केस नाही होत, सर."

"नाही होत?"

"यातून दारू निघनच नाही. पानी हद्दीच्या बाहेर, माल कमी, अन वरून हीटर चालू ठेवलेला. हे पार आंबून सडलं. इतकी वर्षं झाले मले ह्या कामात, पन इतकं खराब लाहन म्या पाह्यलं नाही. हे पकडलं म्हनून सांगतलं तं लोक मलेच हासतील."

माझा जीव भांड्यात पडला. सर्व्हिस बुक वाचलं, रविवार वाचला, भिंतीवरची घोषणाही वाचली. आणि मग (हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं) मला चक्क वाईट वाटलं. किण्वन हा धडा मी छत्तीस वेळा शिकवला होता, आकृतीसकट.

"तापमान किती ठेवायला पाहिजे होतं?" मी विचारलं.

"विचारा, विचारा," शोभा मागून म्हणाली. "कागद देऊ का?"

साहेबांनी बाह्या वर केल्या, माझे गुडघे पाहून स्वतःच कुदळ घेतली, मागच्या पेरूखाली खड्डा खणला आणि दुपारपर्यंत आम्ही तिघांनी त्यात बादल्या ओतल्या. वासाने मी आणि शोभा दोनदा बाहेर पळालो, साहेब मात्र निवांत होते. टब घासून, धुऊन त्याच दिवशी समोरच्या घरी त्यांच्या आईकडे गेला, आणि बरोबर कपाटावरची ती पुस्तिकाही गेली. तिथे आता गोळ्या मोजून पडतात, पाणी वेळेवर बदलतं आणि वास कसलाच येत नाही. साहेबांना तर नाहीच.

रविवारचा समारंभ छान झाला. प्रमुख पाहुण्यांनी माझ्या प्रयोगशील वृत्तीचं कौतुक केलं. टाळ्या वाजल्या आणि पहिल्या रांगेत शोभाला जोरात ठसका लागला. मी हार घालून बसलो होतो, पण माझं लक्ष भाषणात नव्हतं. इतकी वर्षं मी पोरांना प्रात्यक्षिकात नापास करत आलो, प्रयोग मन लावून केला नाही म्हणून. स्वतः आयुष्यात एकच प्रयोग इतका मन लावून, माल दुप्पट घालून केला, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकाने मला नापास केलं.