पाहुण्यांचं वेगळं पातेलं

कोल्हापुरात जोतिबाच्या रस्त्यावर आमचं लॉज आहे. वर चार खोल्या, खाली चार, पुढं गाड्या लावायला जागा आणि मागं भाजीपाल्याचं परडं. खोल्या, चाव्या आणि पुढचं टेबल नवऱ्याकडं. स्वयंपाकघर आणि परडं माझ्याकडं. ही वाटणी कुणी बसून केलेली नव्हती, लॉज सुरू झालं तशी ती आपोआप पडत गेली आणि मला ती मान्य होती. माझ्या शेगडीपाशी कुणी लुडबूड केलेली मला खपत नाही. नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, हिच्या स्वयंपाकघरात जायचं तर आधी खोकावं लागतं. सांगू दे.

माझ्या मदतीला एक म्हातारी आहे. गडहिंग्लजच्याही पलीकडची, अगदी कर्नाटकाच्या हद्दीवरच्या गावची, त्यामुळं बोलण्यात निम्मं कानडी. आम्ही तिला अव्वा म्हणतो आणि ती मला अक्का म्हणते, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी असून. परडं खरं तिचंच. चाकवत कधी पेरायचा, पावट्याचा वेल कुठं चढवायचा, वांग्यावर राख कधी टाकायची, हे मी तिला विचारून करते आणि नाही पटलं तर भांडून करते. शेवटी तिचंच खरं होतं, ते मी तिला सांगत नाही.

त्या दिवसांत माझ्या शेगडीवर रोज दोन पातेली चढायची. एक पाहुण्यांचं आणि एक घरचं. पाहुण्यांच्या पातेल्यात पनीर नाहीतर फ्लॉवर-बटाटा, वर तेलाचा तवंग, चिमूटभर साखर आणि तिखट अगदी बेताचं. बाहेरच्या माणसाला आपलं तिखट सोसत नाही, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. सोबत जिरा राईस, फुलके आणि वाटीत गुलाबजाम. घरच्या पातेल्यात मात्र परड्यातून जे येईल ते. थंडीत ताकातला चाकवत, हरभऱ्याचा कोवळा पाला, पावट्याची आमटी, उन्हं तापायला लागली की शेवग्याच्या शेंगा. त्यात आमची कांदा-लसूण चटणी सढळ हातानं, आणि बरोबर भाकरी, खर्डा, ताक. नवरा, अव्वा आणि मी ते जेवायचो आणि ताटं चाटूनपुसून लख्ख करायचो.

त्यातलं पाहुण्यांना वाढावं असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आमच्याकडं पाहुण्याच्या ताटात पालेभाजी पडली तर तो गावी जाऊन सांगतो. लग्नानंतर पहिल्याच वर्षी माझा भाऊ न कळवता आला होता. घरात चाकवत शिजलेला होता, मी तोच वाढला. भाऊ पोटभर जेवून, पाणी पिऊन, खुशीत निघून गेला. सासूबाई मात्र आठ दिवस म्हणत होत्या, "सख्खा भाऊ आला नि हिनं पाला वाढला! काय म्हणंल माहेर?" ते माझ्या डोक्यात घट्ट बसलं. पाहुणा म्हटलं की माझा हात बाजारच्या पिशवीकडं जायचा.

एका वर्षी संक्रांतीच्या आधी पाच जण राहायला आले. सगळे विदर्भातले, रस्त्याच्या मोजणीच्या कामावर, मुक्काम तीन महिन्यांचा. त्यांच्यातल्या थोरल्यांना बाकीचे चौघे साहेब म्हणत, म्हणून आम्हीही साहेबच म्हणायला लागलो. एवढे दिवस राहणारे पाहुणे आम्हाला पहिल्यांदाच मिळाले होते. मी पाच-सहा दिवस जीव ओतून केलं. सातव्या दिवशी संध्याकाळी पानं मांडून बसले तर कुणी आलंच नाही. बाहेर ढाब्यावर जेवून आले होते. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग नवऱ्याच्या कानावर आलं की मंडळी शाहूपुरीत एका हॉटेलात खोल्या बघून आलीत.

नवरा स्वयंपाकघरात आला तो न खोकता.

"हे बघ, कोल्हापुरात आलेलं पावणं तांबडा-पांढरा रस्सा मागत्यात. तुझं पनीर त्यास्नी नागपुरात बी मिळतंय की. मी एक आचारी बघून ठेवलाय. पुढच्या म्हैन्याच्या शेवटच्या रविवारी त्याच्या हातचं घालू सगळ्यास्नी. पसंत पडलं की पयल्या तारखेपास्नं स्वयंपाकघर त्याच्याकडं. तू जरा आराम कर."

"आराम मागितलाय कुणी?"

"मग काय खोल्या मोकळ्या ठिवू?"

त्याचं चुकत नव्हतं, म्हणून जास्तच राग आला. तो गेल्यावर मी भांडी आपटली, अव्वावर डाफरले, आणि मग ओट्याला टेकून उभी राहिले. हे स्वयंपाकघर गेलं तर या एवढ्या मोठ्या घरात माझं म्हणून काय राहणार, हे मला सुचेना. राग मला रोजचा आहे, पण त्या दिवशी मी घाबरले होते.

दोनच दिवसांनी साहेबांचा पाय मुरगळला आणि ते कामावर न जाता खोलीत पडून राहिले. दुपारी त्यांना मी ताट पाठवलं, पनीरचंच. मग मी आणि अव्वा परड्यात शेवग्याखाली आमचं घेऊन बसलो. दोन घास खाल्ले असतील नसतील, तोच साहेब लंगडत मागच्या दारात येऊन उभे.

"ताई, हा वास कशाचा?"

"कशाचा नाही. घरचं आहे," मी म्हणाले आणि ताटावर पदर ओढला. आज सांगताना हसू येतं, पण खरंच ओढला.

अव्वा मात्र उठली. तिनं एका ताटात भाकरी ठेवली, वाटीभर चाकवत ओतला, कडेला खर्ड्याचा गोळा लावला आणि त्यांच्या हातात दिलं. साहेब पायरीवरच बसले. नाकाडोळ्यांतून पाणी गळत होतं, मध्येच ते रुमालानं तोंड पुसत होते आणि पुन्हा खर्डा मागत होते. दोन भाकऱ्या संपवून ते उठले आणि लंगडतच खोलीत गेले.

मी अव्वावर तुटून पडले. "पावण्याला पाला वाढलीस? माझी इज्जत घालवलीस की!"

"त्यानं मागितलं, मी दिलो," अव्वा भाकरी मोडत म्हणाली. "तू बी दे की अक्का. ही माणसं जेवायला आल्यात, पूजेला न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाक्यावरच्या भाजीबाजारात गेले. फ्लॉवरचा गड्डा हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि परत ठेवला. शेवटी कांदे आणि लिंबं तेवढी घेऊन आले. संध्याकाळी पाचही जणांना हरभऱ्याची भाजी, भाकरी आणि आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचा भात वाढला. वाढताना मात्र जीभ वळेना. हीच आमची भाजी, असं सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं. मी म्हणाले, "आज बाजार बंद होता हो. घरचंच केलंय, सांभाळून घ्या."

सगळ्यांनी मुकाट्यानं जेवण केलं. ताटं रिकामी झाली, पण कुणी चकार शब्द काढला नाही. चांगल्या घरची माणसं आहेत, तोंडावर बोलत नाहीत, असं मला वाटलं.

तरी त्या दिवशी कुणी ढाब्याकडं फिरकलं नाही, हे माझ्या लक्षात आलं. म्हणून दुसऱ्या दिवशीही मी बाजार बंदच ठेवला. तिसऱ्या दिवशी भाजीवाल्यांपैकी कुणीतरी वारलं. मग कुठल्या तरी गावची जत्रा निघाली, मग मोर्चा आला, मग म्हणे गटाराचं काम काढलं. नाक्यावरचा तो बिचारा बाजार मी महिनाभर रोज नवं कारण देऊन बंद पाडला. आणि रोज सकाळी पिशवी घेऊन तिथंच जात होते, कारण परड्यातलं पाच माणसांना पुरत नव्हतं. पोतं अंथरून बसणाऱ्या बायकांकडून वरण्याच्या शेंगा घ्यायच्या, करडईची जुडी घ्यायची, ओला हरभरा घ्यायचा. त्या बायकांना मी इतकी वर्षं नुसती अधूनमधून एखादी जुडी घेणारी म्हणून ओळखीची. त्यातली एक विचारायला लागली, घरी लगीन काढलंय काय?

नवऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. जेवणाच्या वेळी तो पुढच्या टेबलाशी असतो. पाहुणे बाहेर जेवत नाहीत एवढं त्यानं बघितलं होतं, पण त्याचा अर्थ त्यानं भलताच लावला. "गप खात्यात म्हंजे कंटाळल्यात," तो म्हणायचा. आमच्याकडं जेवण आवडलं की माणूस ओरडून सांगतो, दुसऱ्याच्या ताटात ढकलतो, वाढणाऱ्याला चार नावं ठेवून अजून मागतो. मुकाट जेवणारा माणूस म्हणजे रुसलेला माणूस, असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो. त्याला खरं सांगावं तर त्याच्या आईनं ज्यावरून मला आठ दिवस ऐकवलं तेच मी महिनाभर करत होते. मी गप्प बसले आणि तो रविवार येऊन ठेपला.

आचारी सकाळीच आला. धिप्पाड माणूस, स्वतःची सुरी आणि पळी कापडात गुंडाळून आणलेली. आत येण्याआधी दारात थांबून "येऊ काय वैनी?" म्हणाला. म्हणजे राग काढायलाही जागा ठेवली नाही. सुकं मटण, तांबडा, पांढरा, सगळं त्यानं एकट्यानं केलं आणि ओटा पुसून ठेवला. खोट काढायची म्हणून मी वाटीभर पांढरा रस्सा चोरून प्याले. इतका सुरेख होता की मी वाटी चाटून पुसली. आता काही आपलं खरं नाही, असं मी अव्वाला म्हणाले. ती ओले हरभरे सोलत राहिली.

पाहुणे दणकून जेवले. त्या दिवशी पहिल्यांदा पंगतीत आवाज चढले. हे वाढा, ते वाढा, रस्सा ओता. नवरा स्वतः वाढत होता आणि त्याचा चेहरा फुलला होता.

"काय साहेब, कसं काय?"

"झकास!" पाचही जण एकदम म्हणाले.

"मग पयल्या तारखेपास्नं हेच..." नवरा बोलत होता, तेवढ्यात साहेब माझ्याकडं वळले.

"ताई, उद्या बाजार बंद असेल ना?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तोंडात नवं कारण तयारही होतं. पण आता सगळं हातचं जाणारच आहे, तर निदान खोटेपणा घेऊन तरी जायला नको, असं वाटलं.

"बाजार एक दिवससुद्धा बंद नव्हता, साहेब," मी म्हणाले. "मी खोटं बोलत होते. पाहुण्यांना पालेभाजी वाढायची लाज वाटत होती मला."

"माहीत आहे आम्हाला," साहेब म्हणाले. "आमची मोजणी त्या बाजारासमोरच चालू आहे. रोज सकाळी तुम्हाला भाजी घेताना बघतो."

"तुम्ही आलात की आम्ही गाडीच्या मागं जाऊन बसायचो," त्यांच्यातला चष्मेवाला म्हणाला. "तुम्हाला दिसलो असतो तर दुसऱ्या दिवशी परत पनीर आलं असतं."

जेवणाचं कौतुकही त्यांनी त्याच भीतीनं केलं नव्हतं. सगळे हसले, आचारीसुद्धा हसला. मी आत पळाले आणि तोंडात पदर कोंबून रडले. लाजही वाटत होती आणि आनंदही इतका झाला होता की कुठलं रडू कशाचं ते कळत नव्हतं.

मागून खोकण्याचा आवाज आला.

"म्हैनाभर तू त्यास्नी चाकवत घालालीस?" नवऱ्यानं विचारलं.

"व्हय. घातला."

तो दारातूनच मागं वळला. मग बाहेर जाऊन आचाऱ्याला म्हणाला, "तुमी रविवारचं येत जावा. बाकीचं दिवस हिच्याकडंच राहू देत." एक दिवस सोडायचा म्हणूनही मी घुश्शातच होते, पण तो पांढरा रस्सा आठवला आणि गप्प बसले.

सोमवारी मी एकच मोठं पातेलं चढवलं. संध्याकाळी पाचही जण बसले. मी करडईची भाजी घेऊन पंगतीसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "आज करडईची भाजी आहे. आमच्या घरी आम्ही हीच खातो." एवढं साधं वाक्य, पण ते म्हणायला मला महिना लागला. साहेबांनी तीनदा मागून घेतली. चष्मेवाल्यानं "काय हो ताई, हात का आखडता घेताय!" म्हणून ओरडा केला. अगदी आमच्यातल्यासारखा.

त्यांची ताटं उचलून आम्ही तिघं जेवायला बसलो, तर पातेलं मोकळं. नवऱ्यानं भाकरीच्या तुकड्यानं कडा पुसून बघितल्या आणि कुरकुरला, "पावण्यांनी आमास्नी काय ठेवलंच न्हाय की!" मी खर्ड्याशी अर्धी भाकरी खाल्ली आणि अर्ध्या पोटी उठले. लग्न होऊन या घरात आल्यापासून इतकं समाधान मला कधी झालं नव्हतं.