भरत का वळला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती आता राहिली नाही.

एकाहत्तरच्या लढाईत मी लढाऊ विमान चालवायचो. कोल्हापुरात लोक अजून कार्यक्रमांना बोलावतात, फेटा बांधतात. मीही निमूट बांधून घेतो.

भरत आमच्या दोन विमानांच्या जोडीचा प्रमुख. तो गडमुडशिंगीचा, मी इचलकरंजीचा. तळावर आम्ही दोघंच कोल्हापूरकडचे, म्हणून बाकीच्यांसमोर मुद्दाम आपल्याच बोलीत बोलायचो. त्या दिवशी एका बॉम्बर विमानाला सोबत करायची होती. काम एवढंच — त्याला सोडायचं नाही.

आम्ही सोडलं. धुळीच्या वादळात शिरलो, दिशा हरवली. बॉम्बर एकटं पुढं गेलं आणि पाडलं गेलं. आमचं इंधन संपलं तेव्हा दोघांनीही उड्या मारल्या. माझी छत्री उघडली. भरतची उघडली नाही.

चौकशीत विचारलं — वळायचं कुणी ठरवलं? मी म्हणालो, भरतनं. काही न सांगता वळला, मी मागं गेलो. मेलेला माणूस काय बोलणार? बॉम्बरला वाऱ्यावर सोडल्याचा ठपका त्याच्यावर बसला.

हे खोटं तर आहेच. पण त्याच्याही आधीचं — ते कसं सांगू?

मीच ओरडलो होतो. "भरत, डावीकडं! दुश्मन!" तो तत्क्षणी वळला. विश्वास होता ना माझ्यावर! आणि वळता वळता मला कळलं — तो ठिपका आकाशात नव्हताच. माझ्या डोक्यावरच्या काचेवर होता. चिरडलेला किडा. बॉम्बर अजून दिसत होतं. एवढंच म्हणायचं होतं — चुकलं, परत फिर. पण भरत हसेल, तळावर सगळे हसतील... मला लाज वाटली. कशाची? हसण्याची!

तो रेडिओवर विचारत होता, "कुठं हाय रं? मला दिसंना."

मी म्हणालो, "पुढंच हाय. चल."

भरतची थोरली बहीण, अक्का, अजून गडमुडशिंगीत आहे. त्या दिवशी नेमकं काय झालं, याचा शोध हल्ली तिची नात घेते आहे. परवा तिनं मला घरी बोलावलं, रेकॉर्डिंग लावून फोन समोर ठेवला आणि विचारलं, "आजोबा, रेडिओवर शेवटी काय बोलणं झालं?"

मी म्हणालो, आठवत नाही. तिनं पुन्हा विचारलं — तर अक्काच तिच्यावर खेकसली, "बास की गं! म्हाताऱ्या माणसाला किती छळशील? चूक आमच्या भरतनं केली, त्याला ह्यो काय करणार?"

मग माझ्याकडं वळून म्हणाली, "व्हय का न्हाय रं?"

"व्हय, अक्का," मी म्हणालो.

तिनं ताट वाढलं. मी जेवलो.