दीड किलो जास्तीचं लोखंड

कामरेजजवळच्या ज्या फाउंड्रीत मी वजनकाट्यावर बसायचो, तिथं कापड विणायच्या मागांचे बिडाचे गिअर ओतले जायचे. एके दिवशी शेठनी चीनमधून आलेला गिअर माझ्या टेबलावर आदळला. समुद्र ओलांडून येऊनही तो आमच्यापेक्षा स्वस्त पडत होता. कसा, ते शोध, म्हणाले.

मी अक्कल पाजळली. दोन्ही गिअर काट्यावर ठेवले. आमचा दीड किलोनं जड निघाला. माल विकायचा नगाच्या भावानं. म्हणजे प्रत्येक नगामागे दीड किलो लोखंड आम्ही फुकट वितळवत होतो. कारण शोधायला दोन दिवस साच्यांपाशी उभा राहिलो. वाळूत दाबलेला लाकडी नमुना बाहेर काढण्याआधी मोल्डर, म्हणजे साचा बनवणारा कारागीर, तो ठोकून सैल करतो. आमचे मोल्डर आबा, लिंबायतमध्ये माझ्याच गल्लीत राहणारे, माझ्यासारखेच शिरपूरकडचे, चार ठोके पुरतात तिथं बारा मारायचे. वाळूची कड तुटली तर त्यांना ती स्वतःची बेअब्रू वाटायची. पण इतक्या ठोक्यांनी आतली पोकळी मोठी व्हायची आणि तिच्यात लोखंड जास्त मावायचं.

हे मी शेठना सांगितलं आणि शाबासकी मिळाली म्हणून दिवसभर मिरवलो. महागड्या विजेवर, भट्टीच्या कोकवर, बँकेच्या व्याजावर शेठचं काही चालत नव्हतं. आबांवर चालत होतं. वड्याचं तेल वांग्यावर निघालं, महिनाअखेरीस आबांना घरी बसवलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं बायको तोंडावर म्हणाली. मी तिच्यावरच चिडलो.

नवा मोल्डर मोजके ठोके मारायचा. वजन उतरलं, तरी चीनचा गिअर स्वस्तच राहिला. गिऱ्हाइकांची ऑर्डर तिकडे गेली ती गेलीच. भट्टी आता थंड आहे; शेठ स्वतःच तिकडचे गिअर आणून विकतात आणि मी त्यांची खोकी उतरवून घेतो.

आबा एका कापड मार्केटच्या गेटवर वॉचमन आहेत. परवा गेलो तर त्यांनी स्टूल पुढे सरकवलं, चहा मागवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. माफी मागायला तोंड उघडलं, तोच ते शांतपणे आमच्या गावाकडच्या बोलीत म्हणाले, "तू वजन करं, ते बरं करं. पन माले आधी सांगं नही. मी हात हलका करी लेतू."

ते दोन दिवस मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. त्यांना सांगावं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.