डावीकडच्या पानावरचं उत्तर

रविवार, १ फेब्रुवारी. आज संगणकाच्या डिप्लोमाची प्रॅक्टिकलची फाईल पूर्ण करायची होती. सी भाषेतले पंचवीस छोटे प्रोग्राम; उजवीकडच्या रेघांच्या पानावर प्रोग्राम, डावीकडच्या कोऱ्या पानावर त्याचं आउटपुट. सोमवारी सकाळी सेंटरच्या सरांची सही, गुरुवारी परीक्षा. सही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही.

मी बीरगांवच्या एका खाजगी शाळेत पाचवीला गणित शिकवते. एप्रिलपासून ज्यांच्याकडे संगणकाचा डिप्लोमा आहे तेच राहतील, असं व्यवस्थापनाने कळवलं होतं. मी मागच्या वर्षी याच पेपरात नापास झाले. बाहेरच्या परीक्षकांनी माझ्याच फाईलमधला एक प्रोग्राम चालवून दाखवायला सांगितला. मला तो पाठ होता. चालेना, तेव्हा काय बघायचं हे मात्र माहीत नव्हतं. पंधरा मिनिटं मी पडद्याकडे बघत उभी होते. नवऱ्याच्या कारखान्यात आता आठवड्यातून तीनच पाळ्या मिळतात, त्यामुळे या वर्षी नापास होणं परवडणारं नव्हतं.

म्हणून या वेळी ठरवलं की प्रोग्राम आधी लॅपटॉपवर चालवायचा, मगच उतरवायचा. समोर मागच्या बॅचच्या एका मुलीची फाईल होती. तिने ती तिच्या आधीच्या बॅचवरून उतरवलेली. आमच्या तात्यापारा भागातल्या सेंटरमध्ये असंच चालतं.

आठ प्रोग्राम सरळ गेले. नववा होता तीन विषयांच्या गुणांची सरासरी काढण्याचा. पस्तीस, चाळीस, त्रेचाळीस. फाईलमध्ये डावीकडे सुंदर अक्षरात ३९.३३. लॅपटॉपवर ३९.००.

मी पुन्हा टाईप केला. ३९.००. फाईलशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं, अर्धविरामसुद्धा मोजले. ३९.००. हेच गणित मी बावीस वर्षं फळ्यावर घालते आहे. दुपारचे साडेतीन वाजले आणि मी त्याच एका ओळीवर होते. माझ्या मनात एकदाही आलं नाही की फाईल चुकली असेल. मीच चुकते आहे हे इतकं पक्कं होतं की मी फाईलमधलं उत्तर तपासायचीही तसदी घेतली नाही.

बी.कॉम.ला असलेली मुलगी पलंगावर पडून मोबाइल बघत होती. आम्ही मराठीत बोलतो, पण इथली शाळा-कॉलेजं हिंदी, म्हणून ती हिंदीत उत्तर देते.

"मम्मी, जो लिखा है वही लिख दो ना. सर कौन सा चला के देखते हैं."

"अन् गुरुवारी चालवायले लावलं त?"

"तो रो देना. पिछली बार भी तो मुँह बना के खड़ी थी."

"मी रडली नव्हती."

"हव. इसलिए फेल हो गई."

ती हसली. मी हसले नाही, पण रागही आला नाही. खरंच होतं ते. पोराबाळांना शिकवणारी बाई, आणि परीक्षकांसमोर पाचवीतल्या मुलासारखी उभी. मला वाटलं, हे माझ्या डोक्यात जाणारच नाही. वय झालं हे कारण सोपं आहे; मला ते कारण वाटत नव्हतं. जे मी समजून न घेता पाठ केलं त्याला मी शिकणं म्हणत आले, आणि आता दुसरं काही येत नव्हतं.

पाच वाजता नवरा चहा घेऊन आला. तो कारखान्याच्या गेटवर ट्रक तोलायच्या काट्यावर असतो.

"काय व, अजून तेच?"

"सरासरी काढून राहिली. मशीन एकोणचाळीसच दाखवते. पुढचं खाऊन टाकते."

"त त्याले पुढचं दाखवाले सांगतलं काय?"

"तुले काय समजते यातलं?"

"काही नाही समजत. आमच्या काट्यावर दहा किलोचा गोळा ठेव, शून्य दाखवन. काटा खराब नाही. वीस किलोच्या खालचं त्याले सांगतलंच नाही." त्याने माझ्याकडे पाहिलं. "चहा पी, थंडा होऊन राहिला."

मी चहा तसाच ठेवला आणि पुस्तक काढलं. पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की सी भाषा पॉइंटपुढचं टाकून देते, असं त्यात एका ओळीत छापलं होतं. ती ओळ मी पेनने अधोरेखित केली होती, मागच्या वर्षी. मी भागाकारातल्या ३ च्या जागी ३.० केलं. ३९.३३ आलं.

आनंद पाच मिनिटं टिकला असेल. मग लक्षात आलं की फाईलमधला प्रोग्राम कधी कोणी चालवलाच नव्हता. कोणीतरी कागदावर भागाकार करून ३९.३३ लिहिलं आणि बॅचमागून बॅच ते उतरवत गेली. मग पुढच्या सोळांचं काय? दहावा चालवला, त्याचंही आउटपुट जुळेना. तो का जुळत नाही ते मला कळलं नाही. अकराव्याला तर लॅपटॉपने चूकच दाखवली. सगळे समजून घ्यायचे तर मला दोन महिने हवे होते. माझ्याकडे ती संध्याकाळ होती.

मी स्वयंपाक केला. मग उरलेले सोळा प्रोग्राम जसेच्या तसे उतरवून काढले, न चालवता, आउटपुटसकट. हात चांगला चालतो माझा. साडेनऊला फाईल पूर्ण झाली आणि गुरुवारी मी पुन्हा तशीच उभी राहणार हे मला दिसत होतं.

सोमवारी सकाळी आठला मी सेंटरवर होते. सर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. पानं भराभर उलटत, न वाचता सह्या करत ते नवव्यावर थांबले.

"दीदी, यहाँ उतारने में गलती हो गई. सबका सिर्फ तीन है." त्यांनी ३.० मधल्या पॉइंट शून्यावर लाल रेघ मारली आणि खाली सही केली.

मी पुढचं पान उलटून दिलं; त्यावरही सही हवी होती.

फाईल परीक्षेपर्यंत आमच्याकडेच असते. बसथांब्यावर उभी राहून मी पेन काढलं. सहीनंतर खाडाखोड दिसली की बाहेरचे परीक्षक गुण कापतात, हे माहीत होतं. लाल रेघेच्या वर मी पुन्हा पॉइंट शून्य लिहिलं. बाकीच्या सोळा पानांवर काय लिहावं ते मला माहीत नव्हतं. मग बस आली आणि मी शाळेत गेले; पहिला तास पाचवीचा होता.