दाबलं ते गेलं कुटं?

दिव्याचं बटण दाबलं की माणूस दिव्याकडे बघतो. धर्माकाका बटणाकडेच बघत राहायचे, मग भिंतीवरच्या वायरवरून हळूहळू नजर सरकवत दिव्यापर्यंत पोचायचे आणि म्हणायचे, "दाबलं ते गेलं कुटं, ते समजाला पायजे." आमच्याकडे नवा पंखा बसवला तेव्हा त्यांनी रेग्युलेटर इतक्या वेळा फिरवला, की आई म्हणाली, "काका, पंख्याला चक्कर येईल आता."

रेवदंड्याला आमच्या शेजारीच त्यांचं घर. तरुणपणी ते तांडेल होते, होडीवरचे प्रमुख. जाळं ओढताना दोरात सापडून डाव्या हाताची चार बोटं गेली, तेव्हा मच्छीमार सोसायटीने त्यांना कॉम्प्युटरवर बसवलं. काम एकच, कुठली होडी समुद्रात गेली आणि कुठली परत आली याची नोंद ठेवायची. डावा हात मांडीवर ठेवून ते कीबोर्डच्या उजव्या टोकाच्या आकड्यांच्या कळांवर सगळं भागवत. वजाची कळ दाबली की होडी गेली, अधिकची दाबली की आली. दोन्ही ते न बघता दाबायचे.

मी घरूनच प्रोग्रामिंग करते. त्यामुळे यंत्रातलं काही अडलं की काका माझ्या ओटीवर, हे ठरलेलं.

एकदा सोसायटीत नवा कॉम्प्युटर आला आणि पहिल्याच संध्याकाळी घोळ झाला. नऊ होड्या किनाऱ्याला लागलेल्या, पण पडद्यावर त्या सगळ्या अजून समुद्रात. काका अधिकची कळ दाबत होते. होडी परत येण्याऐवजी नुसतं अधिकचं चिन्ह उमटत होतं. कुणीतरी पडदा बघून एका खलाशाच्या घरी फोन केला आणि त्याची बायको रडत धक्क्यावर आली. नवरा तिथेच टोपल्या उतरवत उभा होता. सेक्रेटरी काकांना म्हणाले, "काका, आता तुमचं वय झालं. एक तारखेपासून दुसरं कुणीतरी बसेल." समुद्र तर आधीच सुटला होता, आता ही खुर्चीही जाणार होती.

तीन दिवसांनी काका आले ते शाळेची वही घेऊन. पानावर तीन रकाने: काय दाबलं, काय आलं, काय यायला पाहिजे होतं. आकड्यांकडच्या सोळा कळा, त्यांच्यावरची नम-लॉकची बत्ती पेटलेली असताना एकदा आणि विझलेली असताना एकदा, अशा बत्तीस ओळी. पगार घेणाऱ्या इंजिनिअरांनी मला इतकी स्वच्छ तक्रार कधी पाठवलेली नाही.

"कळ दाबली की जाते कुटं, ते सांग बाय."

मी सांगितलं. सोसायटीचा नोंदीचा प्रोग्राम फार जुना. तो टर्मिनल नावाच्या खिडकीतून चालतो. कळ आधी त्या खिडकीला कळते. मग ती खिडकी ठरलेली खूण करून आतल्या प्रोग्रामला सांगते, की ही नुसती अधिकची नाही, आकड्यांकडची अधिकची आहे.

"म्हंजे मंदी कोन तरी हाय," काका म्हणाले. "मी सांगतो एक, आनि तो आत जाऊन सांगतो दुसरंच."

तो मधला टर्मिनल कुणालाही उघडून बघता येतो, बदलता येतो. जगभरातले लोक हौसेने त्यात भर घालतात आणि त्यांच्यात मीही आहे. नव्या कॉम्प्युटरवर त्याची नवी आवृत्ती आली होती. खूण जाते कुठे ते शोधायला मी जुने बदल उलगडत गेले आणि एका ओळीशी थांबले. ती खूण करायची सोयच कुणीतरी काढून टाकली होती. खाली शेरा होता, "ही आता कुणी वापरत नाही." आणि त्याखाली माझं नाव.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांना वाचून दाखवलं. ते रागावले नाहीत, उलट पुढे सरकून बसले.

"कुनाला इचारलंस?"

"कुणालाच नाही."

"मंग समजलं कसं?" त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "बरं, आता मी सांगतो. मी वापरतो. लिव."

मी सोय परत घातली. काकांच्या बत्तीस ओळींची चाचणीही लावून दिली. तेव्हापासून जगात कुठूनही कुणी त्या टर्मिनलमध्ये काही बदललं, की आधी काकांच्या बत्तीस कळा आपोआप दाबून पाहिल्या जातात. दुसऱ्या दिवशी मी दुरुस्त टर्मिनल सोसायटीत बसवला, काकांनी अधिकची कळ दाबली, होडी आली, आणि सेक्रेटरींनी एक तारखेचा विषय पुन्हा काढला नाही. पुढे चार वर्षं ती खुर्ची काकांचीच होती.

गेल्या वर्षी काका गेले. ओटीवर वायरकडे बघत बसलेलं कुणी दिसत नाही, याची अजून सवय होत नाही.

परवा टर्मिनलवर काम करणाऱ्या एका परदेशी माणसाचा निरोप आला. त्याला ती जुनी सोय काढायची होती, पण बत्तीस चाचण्या आडव्या येत होत्या. त्याने विचारलं होतं, हे अजून कुणी वापरतं का? मी "आता नाही" असं लिहिलंसुद्धा. मग ते तसंच ठेवून चपला घातल्या आणि सोसायटीत गेले.

काकांच्या खुर्चीत त्यांची सून बसली होती, सुलभावहिनी. त्यांनीच तिला शिकवलेलं. तिचे दोन्ही हात धडधाकट, दहाही बोटं शाबूत. डावा हात मांडीवर होता आणि उजवा आकड्यांच्या कळांवर.

"वहिनी, डावा हात का नाही वापरत?"

तिने मांडीकडे पाहिलं, जणू आत्ताच तिच्या लक्षात आलं. "बाबांनी असंच शिकवलं ना. ह्यात डाव्याचं काम न्हाय," ती म्हणाली आणि न बघता अधिकची कळ दाबली. एक होडी परत आली.

घरी येऊन मी लिहिलेलं खोडलं आणि उत्तर पाठवलं, "वापरतात. विचारून आले आहे."