विकलेल्या चित्राची दुरुस्ती

टर्पेंटाइनचा उग्र वास जिन्यातून वर आला, की बेल वाजण्याआधीच कळे, ते आले. कोथरूडचे चौक, पूल, बसथांबे रंगवून फुटपाथवर विकणारे हे गृहस्थ विकलेले चित्रही आपलेच मानत. शहरात काही बदलले, की गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन तो बदल चित्रात करून देत, तोही फुकट. माझ्या भिंतीवरच्या चौकात त्यांनी आधी मेट्रोचा खांब उभा केला, मग जाहिरातीचा फलक.

"अहो, तेवढ्या वेळात एखादं नवं चित्र विकाल की!" मी वैतागून म्हणायचे.

"आणि तुमच्या भिंतीवर खोटं टांगून ठेवू?"

परवा ते आभाळाचा राखाडी रंग कालवूनच आत शिरले. कोपऱ्यावरचा शिरीषवृक्ष सकाळी तोडला होता. आता चित्रातलाही पुसायचा होता. माझा संयम संपला. मी चित्राच्या आड उभी राहिले.

"याला हात लावायचा नाही. विकत घेतलंय मी ते."

माझ्या खांद्यावरून ते बराच वेळ त्या हिरव्याकडे पाहत राहिले. मग कुंचला फडक्यात गुंडाळून जिना उतरू लागले. वळणावर थांबले आणि मान वर न करता म्हणाले, "जपा."