फ्रीजरमधली पुस्तकं

अकोटचा तो फ्रीजर अजून डोळ्यांसमोरून जात नाही. पोलीस खात्यात मी थोडीच वर्षं होते. त्यातलं हे प्रकरण मला पूर्ण कळलं, असं आजही म्हणवत नाही.

अकोल्यात एका नामवंत, दिवंगत लेखकाच्या (सगळे त्यांना आबा म्हणत) घरी त्यांच्या ग्रंथसंग्रहाची सूची चालू होती. एका सकाळी लेखकाचा मुलगा ठाण्यात आला. एक कपाट रिकामं झालं होतं. संशय सूची करणाऱ्या तरुणावर.

फिर्याद नोंदवून मी तरुणाला बोलावलं. "पुस्तकं सुखरूप आहेत, मॅडम," एवढंच तो म्हणे. कुठे, ते सांगेना. चोर सहसा फार बोलतो. हा गप्प. मला काही उमगेना.

दुपारी खबर आली: अकोटला त्याच्या मेव्हण्याच्या आइस्क्रीमच्या दुकानात गठ्ठे उतरले आहेत. पंच, फिर्यादी आणि तरुण, सगळ्यांना घेऊन निघालो. थंडीत दुकान बंदच होतं. फ्रीजरचं झाकण उघडलं, तर आत प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलेली पुस्तकं.

"काहून बे, पुस्तकाची कुल्फी जमवून राहिला का?" हवालदार म्हणाले आणि पंचनाम्यासाठी गठ्ठा फोडायला त्यांनी ब्लेड काढलं.

तरुण आडवा आला. "मॅडम, पाया पडतो, फोडू नका. गार पुस्तकाले बाहेरची हवा लागली का पाणी सुटते. शाई जाईन."

"मग इथे ठेवली कशाला?"

"कसर लागली होती. थंडीनं तो किडा मरते."

"मले सांगाले काय झालं होतं?" मुलगा ओरडला.

"मांगं सांगतलं होतं ना, भाऊ. तुमी कपाशीचं औषध फवारलं. आबांनी समासात लिहिलेलं सारं पसरलं."

मुलाने हवालदारांना ब्लेड ठेवायला खुणावलं.

न मोजता मुद्देमाल लिहायचा कसा? मी गठ्ठे बंदच मोजले आणि फ्रीजरला लाखेचं सील लावलं. हवालदार पुटपुटले, "लाइन गेली त आपल्यालेच पंखा घेऊन वारा घाला लागते."

पुढे गठ्ठे लेखकाच्या घरी नेले, थंडावा जाईपर्यंत बांधलेलेच ठेवले आणि मग सोडले. समासातली निळी अक्षरं जशीच्या तशी होती. प्रकरण गैरसमजाचं म्हणून बंद झालं. पण घरच्यांना न सांगता पुस्तकं नेणं याला काय म्हणावं, ते मला अजून ठरवता येत नाही. चौकशीत मी सारखं 'कुठे लपवलीस' एवढंच विचारलं होतं. 'कोणापासून' हे विचारायला हवं होतं, ते तिथे कळलं.

गठ्ठे सोडले त्या दिवशी मुलाने पुस्तकाकडे हात नेला आणि मधेच थांबवला. तरुणाकडे बघून म्हणाला, "लावू का हात?"